न दुखणाऱ्या डोळ्याची तपासणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या मेळाव्यात आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी नोकरी प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात गेली. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि रोगी म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसण्याचा अधिकार सर्वांनाच असतो, आणि तो आम्ही गेली सहा वर्षे नियमाने बजावीत आहोत. तेथे काय करतात, कशासाठी करतात आणि जाताना आपली तयारी काय असावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

विषय आहे नेत्रपरीक्षेचा. डोळा लाल झाला, डोळ्यांत कचरा गेला, सुईत दोरा ओवेना, एस.टी.ची पाटी वाचता येईना, म्हणजे आपण डॉक्टरांकडे धावतो. ते योग्यच आहे. परंतु दृष्टी कायमची नेणाऱ्या विकारांपैकी काही असे आहेत की ते दुखत नाहीत, डोळा लाल करीत नाहीत आणि आरंभी वर्तमानपत्र वाचण्यास अडथळाही आणीत नाहीत. जाणीव होते तोवर गेलेली दृष्टी परत मिळण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ज्या डोळ्याची काही तक्रार नाही, तोही ठरावीक काळाने दाखविला पाहिजे. आमच्या सांगण्याचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. “आमचे डोळे तपासून झाले,” असे पुष्कळ मंडळी सांगतात. विचारले तर कळते की चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेतला. त्यात वावगे काही नाही. परंतु नंबर काढणे हा नेत्रपरीक्षेचा एक भाग आहे. डोळ्यातील दाब आणि डोळ्याचा आतला पडदा पाहणे हे दुसरे दोन भाग होत, आणि दुकानात ते होतातच असे नाही. तेव्हा पूर्ण तपासणी कशी असते ते क्रमाने पाहू.

प्रथम घरून निघतानाची तयारी. जुना चष्मा बरोबर घ्यावा, मग तो मोडका का असेना. मागील तपासणीचे कागद असतील तर तेही न्यावेत. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी यांपैकी कशासाठीही जी औषधे चालू असतील त्यांची नावे कागदावर लिहून न्यावी. “एक पांढरी गोळी आणि एक गुलाबी” या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरांस काही उमगत नाही. घराण्यात आई, वडील, भावंडे यांपैकी कोणास काचबिंदू होता काय, कोणी तरुणपणी आंधळे झाले होते काय, याची घरातील वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून जावे. सोबत एक माणूस असावा. स्वतः मोटारसायकल चालवीत जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. आणि दीड-दोन तास मोडतील हे गृहीत धरावे.

दवाखान्यात आरंभी काही प्रश्न विचारतात आणि मग भिंतीवरील तक्त्यासमोर बसवितात. वर मोठे अक्षर आणि खाली उतरत्या आकाराच्या ओळी, हा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केला. आज तो देवनागरी अक्षरांतही मिळतो. रोगी तक्त्यापासून सहा मीटर अंतरावर बसतो; खोली लहान असेल तर तक्ता आरशातून वाचावयास लावतात. मग कागदावर ६/६, ६/१२, ६/६० असे काहीतरी लिहिले जाते. हे अपूर्णांकासारखे दिसते, पण त्याचा अर्थ निराळा आहे. वरचा आकडा म्हणजे आपण किती मीटरवरून वाचले, आणि खालचा म्हणजे तीच ओळ निर्दोष दृष्टीचा माणूस किती मीटरवरून वाचू शकतो. ६/६० म्हणजे जे अक्षर इतरांस साठ मीटरांवरून दिसते त्यासाठी आपणांस सहा मीटरांवर यावे लागते. हा अपूर्णांक सोडवून “माझी निम्मी दृष्टी गेली” असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. ते गणित तसे नाही.

ज्यांस अक्षरओळख नाही अशा आमच्या माताभगिनी या तक्त्याच्या धास्तीनेच दवाखाना टाळतात. त्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी तीन दातांच्या फणीसारख्या खुणेचा तक्ता असतो. फणीचे दात वर आहेत की खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढे बोटांनी दाखविले म्हणजे झाले. लहान मुलांसाठीही तोच किंवा चित्रांचा तक्ता वापरतात.

एकेका डोळ्याची परीक्षा वेगळी होते. झाकावयाचा डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाकावा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसते, आणि दाबून धरला तर नंतर त्याच डोळ्याने काही काळ अंधूक दिसते. दुसऱ्या डोळ्याची पाळी आली की काहीजण पहिल्या डोळ्याने वाचलेले आठवून धडाधड सांगतात. शाळेत आम्ही याला निराळे नाव दिले असते. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. अक्षर दिसत नसेल तर “दिसत नाही” हेच बरोबर उत्तर होय.

ओळ वाचता आली नाही तर बारीक छिद्र असलेली काळी चकती डोळ्यापुढे धरावयास देतात. त्या छिद्रातून अक्षर स्पष्ट झाले तर दोष बहुधा नंबराचा असतो. नाही झाले तर कारण अन्यत्र शोधावे लागते. नंतर एका यंत्रात डोकावण्यास सांगतात. आत एखादे चित्र दिसते. ते पुसट होते, पुन्हा स्पष्ट होते, आणि यंत्र अंदाजी नंबर छापून देते. हा आकडा अंतिम नसतो. त्यानंतर डोळ्यावर जड चौकट चढवून तीत एकामागून एक भिंगे घालतात आणि विचारतात, “हे बरे की ते बरे?” येथे पुष्कळांची तारांबळ उडते. दोन्ही सारखी वाटली तर “सारखीच” म्हणावे. घाईने सांगितलेल्या नंबराचा चष्मा नंतर आपणांसच घालावयाचा असतो. चाळिशीच्या पुढील मंडळींना याशिवाय जवळचे वाचण्यासाठी छापील मजकूर देतात. आपल्या भाषेने या चष्म्याला “चाळिशी” हेच नाव दिले आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यातील भिंगाचा लवचिकपणा कमी होतो व अक्षर दूर धरावेसे वाटते. हा रोग नाही. चष्मा लावल्याने डोळे आळशी होतात ही समजूतही खरी नाही.

पुष्कळांच्या मते येथे तपासणी संपते. खरी गोष्ट येथून पुढे आहे.

हनुवटी एका टेकूवर व कपाळ एका पट्टीला लावून बसविले जाते, आणि डॉक्टर प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यावर टाकून दुर्बिणीतून पाहतात. या यंत्रास स्लिट लॅम्प म्हणतात. अल्वार गुलस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १९११ साली पुढे आणले, आणि त्याच वर्षी डोळ्यातील प्रकाशाच्या गणितासाठी त्यास नोबेल पारितोषिकही मिळाले. पापण्या, बुबुळ, भिंग यांचे बारीकसारीक दोष यातून दिसतात. मोतीबिंदू आहे किंवा नाही हेही येथेच कळते.

मग डोळ्यातील दाब मोजतात. एका पद्धतीत यंत्रातून हवेची झुळूक डोळ्यावर येते. ती अचानक आल्याने माणूस दचकतो, पण इजा काही होत नाही. दुसऱ्या पद्धतीत डोळा बधिर करणारा थेंब घालून, पिवळा रंग लावून, निळ्या प्रकाशात एक लहान टोक डोळ्याला अलगद टेकवितात. दुखत नाही, मात्र नंतर डोळे पुसताना रुमालास पिवळे डाग पडतात, तेव्हा पांढरे शुभ्र उपरणे त्या दिवशी घरीच ठेवावे. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. या दाबाचा रक्तदाबाच्या आकड्याशी घोटाळा करू नये. ती दोन वेगळी मापे आहेत.

शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते किंचित झोंबतात. वीस-तीस मिनिटे डोळे मिटून बाकावर बसावे लागते, आणि येथेच मंडळी कंटाळून “पुढच्या वेळी पाहू” म्हणत उठतात. तसे करू नये. खिडकी अर्धवट उघडून खोलीतील सामान दिसत नाही, तसेच बाहुली लहान असताना पडदा पुरता दिसत नाही. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचे अक्षर अंधूक दिसते आणि ऊन सोसत नाही. म्हणूनच वाहन चालवू नये व सोबत असावी असे वर म्हटले. काहींच्या डोळ्यांची ठेवण अशी असते की या थेंबांनी दाब वाढू शकतो. त्यासाठी डॉक्टर आधी डोळ्याचा पुढील भाग पाहून घेतात. घरी येऊन डोळा दुखू लागला आणि उलटीची भावना झाली, तर तसेच परत जावे.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध केले. तोवर वैद्यांना बाहुलीमागे काळोखच दिसे. आज त्या साधनाच्या सुधारलेल्या रूपाने डॉक्टर पडदा, त्यावरील रक्तवाहिन्या आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे मुख पाहतात. शरीरास शस्त्र न लावता येथे रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात. त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाब यांच्या खुणाही कित्येकदा प्रथम येथे आढळतात.

आता, एवढा खटाटोप कशासाठी? आमच्याच घरची हकीकत सांगतो.

आमचे ज्येष्ठ बंधू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. वाचनाची आवड दांडगी. निवृत्तीनंतर त्यांनी दोन वेळा दुकानातून नंबर काढून नवे चष्मे घेतले व त्यांवर समाधानाने वाचन चालू होते. एके सकाळी तोंड धुताना साबणाचा फेस उजव्या डोळ्यात गेला म्हणून तो त्यांनी मिटून घेतला, आणि समोरचा आरसा नाहीसा झाला. डावा डोळा उघडा होता, पण त्याने उजेडाखेरीज फारसे दिसत नव्हते. केव्हापासून, हे त्यांस सांगता येईना. डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. डाव्या डोळ्याची नस जवळजवळ वाळली होती व उजव्यातही आरंभ झाला होता. नंबर काढणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. दाब पाहणे हे त्याचे काम नव्हते.

असे घडते कसे, हा प्रश्न आम्हांसही पडला. डॉक्टरांनी समजावून सांगितले. सर्वसाधारण प्रकारच्या काचबिंदूत दृष्टी कडेकडेने जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे माणसास काही चुकले असे वाटतच नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. काही रोग्यांचा दाब मोजला तर नेमस्तच भरतो, तरी नस झिजत असते; म्हणून केवळ दाबावर विसंबता येत नाही, नसही पाहावी लागते. काचबिंदूत गेलेली दृष्टी औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली राखता येते.

नंतर डॉक्टरांनी बंधूंना विचारले, “तुम्हांला भावंडे किती?” हा प्रश्न त्या वेळी आम्हांस अप्रस्तुत वाटला, वस्तुतः तोच सर्वांत महत्त्वाचा होता. काचबिंदू घराण्यातून येऊ शकतो. सख्ख्या भावंडांना व मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. आम्ही व आमची भगिनी दोघेही तपासणीस गेलो. भगिनीचे डोळे निर्दोष निघाले. आमचा दाब २६ भरला व नसेत किंचित बदल दिसला. आम्हांस तोवर कसलीही तक्रार नव्हती. तेव्हापासून रोज रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक डोळ्यात एक थेंब, आणि वर्षातून एकदा दृष्टिक्षेत्राची चाचणी. या चाचणीत एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात पाहत बसावे लागते आणि ठिकठिकाणी प्रकाशाचे ठिपके चमकले की कळ दाबावयाची असते. काही ठिपके इतके मंद असतात की ते कोणासच दिसत नाहीत. ते हुकले म्हणून घाबरू नये. सहा वर्षांत आमचा आलेख जवळपास होता तसाच आहे. बंधूंचा उजवा डोळाही औषधाने टिकला आहे आणि त्या एका डोळ्यावर त्यांचे वाचन चालू आहे. आम्हां दोघांच्या दैवात फरक पडला तो तपासणीच्या वेळेने. आमची तपासणी वेळेवर झाली याचे श्रेय त्यांच्या गेलेल्या डोळ्यास आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

मधुमेहाची गोष्टही अशीच आहे. त्याने पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि आरंभी दृष्टीत काहीच फरक पडत नाही. प्रौढ वयातील मधुमेहाचे निदान झाले की त्याच सुमारास पडदा तपासून घ्यावा व पुढे वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, तपासावा. वेळीच कळले तर लेसर किरणांचे वा इंजेक्शनचे उपचार आहेत. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा उपाय तर आपल्याच हाती आहे. मेळाव्याच्या पंगतीत दुसरा लाडू घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपला पडदा दाखविला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

आता घरातील वृद्ध स्त्रियांविषयी. “मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या,” हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. एके काळी त्याला अर्थ होता. त्या काळच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून टाकीत व जन्मभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी सूक्ष्म ध्वनिलहरींनी भिंग विरघळवून लहानशा छेदातून काढण्याची रीत सुरू केली. यास्तव आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. नित्याच्या कामात अडथळा येऊ लागला की डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते, आणि कधी त्यामुळे दाबही वाढतो. तो विरघळवून टाकणारे थेंब अजून निघालेले नाहीत. तशी जाहिरात आढळल्यास तिच्या मागे लागू नये.

परंतु खरी अडचण निराळीच असते. “आता मला काय पाहावयाचे उरले आहे? पैसे नातवाच्या फीला लावा,” असे आजीबाई म्हणतात आणि घरातील मंडळींना ते सोयीचे वाटते. मग ती माउली भिंतीला हात लावीत न्हाणीघरात जाते, तांदळातले खडे बोटांनी चाचपते, आणि एखाद्या दिवशी उंबऱ्यावर अडखळून खुब्याचे हाड मोडून घेते. सरकारी रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तेव्हा तिचे म्हणणे शिरोधार्य मानण्यात मातृभक्ती नाही; तिला हाताला धरून दवाखान्यात नेण्यात आहे.

मुलांविषयी शिक्षक या नात्याने थोडे अधिक बोलतो. मूल कधीही “मला कमी दिसते” अशी तक्रार करीत नाही, कारण सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. आमच्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. फळ्यावरचे उतरवून घेताना तिची नजर शेजारणीच्या वहीवर. लांबून येणाऱ्या माणसास ती चेहऱ्यावरून ओळखीत नसे. चालीवरून आणि आवाजावरून ओळखी. आम्ही तिच्या वडिलांस बोलावून डोळे तपासण्यास सांगितले. वजा चारचा नंबर निघाला. चष्मा आला, मुलगी पहिल्या पाचांत आली. पण महिनाभरात चष्मा दिसेनासा झाला. चौकशी करता कळले की आजीने तो फडताळात ठेवला होता. “मुलीची जात; आतापासून चष्मा लागला असे चार घरी कळले तर पुढे स्थळे कशी यायची?” असा प्रश्न होता. आम्ही घरी जाऊन बसलो, पुष्कळ बोलणे झाले, आणि चष्मा फडताळातून बाहेर आला.

बंधुभगिनींनो, तो प्रश्न त्या एका आजीचा नव्हता; तो आपल्या सर्वांचा आहे, म्हणून येथे उच्चारण्याचे धाडस करतो. मंडळाच्या वधूवर सूचक नोंदवहीत उंची, वर्ण, पत्रिका सारे लिहिले जाते, पण चष्मा लपविण्याची वृत्ती अद्याप गेलेली नाही. मुलाचा चष्मा विद्वत्तेचे लक्षण आणि मुलीचा मात्र व्यंग, हा न्याय कोठला? याउलट ज्या गोष्टीची चौकशी व्हावयास हवी ती होत नाही. रातांधळेपणाने सुरू होऊन दृष्टी हळूहळू नेणारे पडद्याचे काही विकार आनुवंशिक आहेत, आणि जवळच्या नात्यातील विवाहात ते संततीत उतरण्याचा संभव वाढतो. ज्या घराण्यात असा विकार आहे त्यांनी आते-मामे नात्यात संबंध जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हे बोलणे काहींना रुचणार नाही, पण जन्मणाऱ्या लेकरांच्या हिताचे आहे.

लहानपणी एका डोळ्यात मोठा नंबर वा तिरळेपणा राहून गेला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि तो डोळा “आळशी” होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन व चांगला डोळा काही काळ झाकून त्यास कामाला लावता येते. पुढे ते अवघड होत जाते. काही घरांत तिरळेपणा भाग्याचा मानतात. त्या भाग्याची डॉक्टरांकडून खातरी करून घ्यावी. बालकाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडू नये. मुलांचा नंबर काढण्यासाठी कधी घरी तीन दिवस औषध घालण्यास सांगतात; त्याने पुढे आठवडा-दोन आठवडे जवळचे अंधूक दिसते, तेव्हा परीक्षेचे दिवस टाळून जावे. आणि मुलांना रोज दोनएक तास मोकळ्यावर खेळू द्यावे. दूरचे न दिसण्याचा दोष जडण्याचा संभव त्याने कमी होतो.

तपासणी केव्हा करावी? मुलांची शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि पुढे शाळेत असताना वेळोवेळी. चाळिसाव्या वर्षी प्रत्येकाने एकदा संपूर्ण, आणि त्यानंतर दोन वर्षांनी. साठीनंतर वर्षाला. मधुमेही व घरात काचबिंदू असलेले यांनी वयाची वाट न पाहता. मात्र पुढील लक्षणे दिसल्यास तपासणीचा वार ठरवीत बसू नये, त्याच दिवशी जावे: एकाएकी दिसेनासे होणे, डोळ्यापुढे विजा चमकणे वा काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे, लाल डोळ्यासह तीव्र वेदना, किंवा डोळ्याला लागलेला मार. चुना वा तत्सम पदार्थ डोळ्यात गेला तर प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि मग निघावे.

मध, कांद्याचा रस, एरंडेल यांचे प्रयोग डोळ्यावर करू नयेत. औषधाच्या दुकानातून “लाल डोळ्याचे थेंब” आपल्याच मनाने आणणे त्याहून वाईट. त्यांतील काहींत स्टिरॉइड असते. आराम पटकन पडतो, पण दीर्घकाळ घातल्यास त्यानेच दाब वाढतो व मोतीबिंदूही होतो.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांसाठी एक शब्द. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ सालापासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो, आणि ग्रामीण रुग्णालयांतून नेत्र चिकित्सा अधिकारी प्राथमिक तपासणी करून पुढे पाठवितात. रांगेत उभे राहावे लागते हे खरे. दृष्टी गेल्यावर मात्र रांगेचा उपयोग नसतो.

अध्यक्षमहाशय, मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पुढील मेळाव्याच्या दिवशी, सत्कारसमारंभ थोडा आवरता घेऊन, नेत्रतज्ज्ञांना पाचारण करून दाब व पडदा या दोहोंची तपासणी ठेवावी. विद्यार्थ्यांना बक्षिसे देतानाच गरजू मुलांना चष्मे देण्यासाठी एक लहानसा निधी असावा. आणि ज्या वृद्धांना नेण्यास घरी माणूस नाही, त्यांना रुग्णालयात नेण्याची जबाबदारी आपल्या तरुण मंडळाने वाटून घ्यावी. या शेवटच्या कामास पैसा लागत नाही, एक दिवसाची सवड लागते.

श्रोत्यांनी आज घरी गेल्यावर एक साधी गोष्ट करावी. एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कालदर्शक पाहावे, आणि घरातील लहानथोरांस पाहावयास लावावे. दोन डोळ्यांत फरक आढळला तर उद्याच डॉक्टरांकडे जावे. फरक आढळला नाही तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. कडेची दृष्टी आणि आतली नस त्या कालदर्शकावरून कळत नाही. येत्या महिन्याभरातील एक वार ठरवावा आणि घरातील जो “मला काही झालेले नाही” असे म्हणेल, त्यास प्रथम न्यावे.